रिस्तोच्या बगलेतली शेळी

शेजारच्या गॅरेजमध्ये शेळी ओरडते, हे मी सातासमुद्रापार इकडे नोव्हायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं, तर एकाने विश्वास ठेवला असेल तर शपथ. आमचे हे म्हणाले, "तुला गावाची आठवण येतेय." इथल्या मराठी मंडळातल्या डॉक्टरकाकांनी माझे कान तपासले. माझं शिक्षण चौथी, तेव्हा कानही चौथीचेच, असं ह्या इंजिनियर लोकांना वाटत असावं. त्या शेळीपायी पुढे इतके किस्से साठले, की आता पॉटलकला, प्रत्येकाने घरून डबा आणायच्या जेवणाला, माझा डबा उघडायच्या आधी माझं तोंड उघडायला लावतात.

तर मी बर्फ तुडवत गेले आणि गॅरेजचं दार वर ढकललं. आत रिस्तो. युगोस्लाव्हियातून आलेला म्हातारा, कारखान्यातून रिटायर झालेला. बगलेत शेळीचं अख्खं कातडं, फुगवलेलं. पुढच्या एका पायातून तो फुंकतोय, दुसऱ्या पायात लांब नळी, आणि मुंडक्याच्या जागी बासरी.

"का रडवतोस तिला?" मी माझ्या इंग्रजीत विचारलं.

"रडत नाही, मिसेस. गाते आहे," तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला. दोघांचं सारखंच मोडकं, म्हणून आमचं जमलं.

तो होता त्यांच्या डोंगरातला बॅगपाइप, गाइदा. लांब नळी एकच सूर धरून बसते. आमच्या माहेरच्या देवळात सनईवाल्यामागे एक जण नुसता सूर धरून बसायचा, अगदी तस्सा.

*

त्याच सुमारास शॉमबर्गला एक लग्न झालं. सनई अर्थात कॅसेटवर. ऐन अंतरपाट धरलेला, आणि सनई संपून त्याच कॅसेटवरचा एरोबिक्सचा क्लास सुरू झाला. बाई ओरडतेय, "पाय वर! अजून वर!" नवरदेवाने गोंधळून खरंच पाय उचलला.

तिथल्या तिथे ठरवलं, माझ्या उषाच्या लग्नात कॅसेट नाही. दारात रिस्तो उभा राहील.

उषा म्हणाली, "मॉम, नो. प्लीज."

म्हटलं, "लग्न तुझं, दार माझं."

*

लोकांना सवय व्हावी म्हणून आधी त्याला मंडळाच्या गणपतीत नेला. अध्यक्षांनी फिल्मी गाण्याची फर्माईश केली. रिस्तोने हवा सोडून दिली. शेळी हळूहळू सपाट.

"माझ्याकडे मेंढ्यांची गाणी आहेत, नाचाची, नवरी निघतानाची आणि माणूस गेल्यावरची. ह्यांतलं सांगा."

अध्यक्ष म्हणाले, "कुठलंही, पण फास्ट."

त्याने वाजवलं, मंडळ घामाघूम होईपर्यंत नाचलं, आणि मग सगळे जण सरबताच्या टेबलाकडे धावले. रिस्तो माझ्या कानात म्हणाला, "मेंढ्यांना पाण्यावर बोलावतात ते हे."

नवरी निघतानाचं मात्र मला कितीदा मागूनही ऐकवलं नाही. "आधी वाजवलं तर नवरी परत येते, मिसेस." मी पुन्हा विचारलं नाही.

*

मग श्रूजबरीहून विहीणबाईंचा फोन. सुमतीबाई. "मंडपात मेलेलं जनावर? चामडं?"

"तबला काय केळीच्या पानाचा असतो?"

"ते वाजणार असेल तर आम्ही निघणारच नाही."

"मग मुलाला एकट्याला पाठवा."

झालं. फोन आपटला. उषा माझ्याशी बोलेना, तिकडे मुलगा आईशी बोलेना. शेवटी जोशी गुरुजींना मध्ये घातलं. आठवडाभर ते गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतात, शनिवार-रविवार लग्नं लावतात. ते म्हणाले, "काकू, वाद्य शुद्ध करून घ्या, मग दोष नाही." सुमतीबाई म्हणाल्या, शुद्ध झाल्याशिवाय मी पायरी चढणार नाही.

पण त्या शेळीला रिस्तो स्वतःच्या बायकोलासुद्धा हात लावू देत नसे. म्हटलं, दोन थेंब गंगाजल वरून शिंपडू आणि विषय संपवू.

*

लग्न शाळेच्या जिममध्ये. वरपक्ष दारात आला. रिस्तोने छाती भरून फुंकलं, कोपराने शेळी दाबली. आवाज नाही. पुन्हा दाबली. आत काहीतरी गुडगुडलं.

तिसऱ्या दाबाला बासरीतून पंचामृताचा फवारा उडाला, तो थेट सुमतीबाईंच्या पैठणीवर. दूध, दही, मध, सगळं. तुळशीचं एक पान नथीला चिकटलं.

दोनशे डोळे माझ्याकडे. उषा बास्केटबॉलच्या खांबाला धरून उभी, पांढरीफटक.

"ही ह्यांचीच करणी," सुमतीबाई म्हणाल्या. "मोडलं लग्न. अहो, गाडी काढा."

रिस्तोने बासरी झटकली, पुसली, पुन्हा फुंकली. आणि असा गोड, भरलेला सूर निघाला, की अख्खी जिम त्याच्याकडे वळली. सुमतीबाईसुद्धा.

"माझे आजोबा कातड्याला मध पाजायचे," तो म्हणाला. "म्हणून मी हो म्हटलं. मघाशी त्यांनी आधी येऊन बूट काढले, शेळीला हात जोडले. असं मला इथे कुणी विचारलं नव्हतं. फक्त, चमचाभर म्हणाले होते."

"कोण म्हणाले होते?" सुमतीबाईंनी विचारलं.

रिस्तोने बासरीनेच दाखवलं. त्यांच्या मागे, गाडीची किल्ली एका हातात, रिकामी वाटी दुसऱ्या हातात, पायांत बूट नाहीत, असे उभे होते त्यांचे यजमान, नानासाहेब.