मालगाडीला टाइमटेबल नसतं

"मंगळवारी दुपारी दोन ते पाच. बुधवारी काहीच नाही. गुरुवारी पहाटे साडेतीन ते सहा. शुक्रवारी पुन्हा दुपारी. हे काय आहे?" डायरी तिच्यापुढे सरकवून मी विचारलं.

"अभ्यास, सर," सुजाता म्हणाली.

"रोज वेगळ्या वेळेला?"

"जेव्हा झाला तेव्हाचा लिहिलाय."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी नाही झाला."

स्टाफरूममध्ये आणखी दोघे शिक्षक होते. त्यांतले एक हसले. "खरं बोलणारी पोरगी आहे हो!" मी हसलो नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी पालकांच्या सहीची जागा होती. आठवड्यातल्या चार पानांवर सही नव्हती. तिथे बारीक अक्षरात तिने लिहिलं होतं, 'वडील ड्युटीवर'. मी लाल पेनाने वर शेरा मारला, 'अनियमित'. आणि वडिलांना घेऊन यायला सांगितलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट आहे. दौंडच्या ज्युनिअर कॉलेजात मी गणित शिकवत होतो. कॉलेजचं टाइमटेबल करण्याचं कामही माझ्याकडे होतं. डायरीची कल्पना माझीच. वेळेच्या नियोजनावरची दोन इंग्रजी पुस्तकं मी पुण्याहून आणली होती आणि त्यांतलं मला बरंच पटलं होतं. बारावी सायन्सच्या प्रत्येक मुलाला आम्ही छापील डायरी दिली. दिवसाला एक पान, पानावर अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. पहाटे पाच ते सात आणि रात्री आठ ते दहा या वेळा मी ठरवून दिल्या होत्या. या वेळा पाळल्या आणि खाली पालकांची सही असली, की त्या दिवसाचा एक मार्क.

हे मार्क नुसते शोभेचे नव्हते. तेव्हा इंजिनिअरिंगचे प्रवेश बारावीच्या मार्कांवरच व्हायचे. आमच्या संस्थेचं एक कॉलेज शिरूरला होतं. दोन्ही कॉलेजांतली मिळून वीस मुलं निवडून त्यांना दिवाळीनंतर परीक्षेपर्यंत शिरूरच्या हॉस्टेलवर ठेवायचं, असं संस्थेने ठरवलं होतं. राहणं, जेवण, जादा शिकवणी, सगळं फुकट. निवड अर्धी टेस्टच्या मार्कांवर, अर्धी डायरीच्या. सुजाता भालेराव टेस्टमध्ये दुसरी आली होती. डायरी साधारण जरी असती, तरी तिची जागा नक्की होती.

चार दिवसांनी तिच्याबरोबर तिचे वडील आले. अंगात पांढरा युनिफॉर्म, डोळे लाल. ड्युटीवरून सरळ कॉलेजात आले होते. ते मालगाडीचे गार्ड. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकटा बसून सगळ्या गाडीवर नजर ठेवणारा माणूस म्हणजे गार्ड. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत.

"बसलो की झोप लागंल सर. उभ्यानंच बोलतो."

मी त्यांना नियमितपणाचं महत्त्व सांगितलं. पाच-सात मिनिटं तरी बोललो असेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं बराबर हाय," ते म्हणाले. "पन मालगाडीला टाइमटेबल नसतं सर. पॅसेंजरला असतं. आमची गाडी तयार झाली की कॉल येतो. कॉलमन वही घेऊन दारात. सही करायची आन् दोन तासांत हजर व्हायचं. मग ते दुपारी असंल न्हाई तर पहाटं. गेलो की कवा येईन ते मलाच ठावं नसतं. कुठं लूपला घातली गाडी, तर सहा-सहा तास तिथंच."

लूप म्हणजे स्टेशनातला बाजूचा रूळ. मागची एक्स्प्रेस पुढे काढायची असली, की मालगाडी त्यावर नेऊन उभी करतात.

"आणि घरी आल्यावर?"

"झोपतो. झोपलंच पायजे. झोप न काढता गाडीवर गेलो तर..." त्यांनी डोळे चोळले. "क्वार्टर एक खोलीचं. सैपाकघराला दार न्हाई, पडदा हाय. दिवा लावला का उजेड माझ्या तोंडावर. मग ही बिचारी लावत न्हाई."

"घरात आणखी कोण?"

"मंडळी भांडगावला. माझी आई अंथरुणाला खिळलीया, तिचं करायला. हितं आम्ही दोघंच."

"मग कॉलेजच्या लायब्ररीत बसू दे तिला."

"मी झोपल्यावर कॉलमन आला तर दार कोन उघडनार? कॉल चुकला की चार्जशीट हातात. शिरूरचं जमलं तर तेवढे महिने भावकीतलं कुनी आनून ठेवीन, पन आत्ता कोन हाय?" मग ते थोडं हसले. "मी म्हनलं होतं तिला, लिही की पाच ते सात. मी करतो सगळ्या पानांवर सह्या, माझं काय जातंय? तर म्हनती, सरांनी खरं लिहायला सांगितलंय. आता तुम्हीच सांगा तिला काय लिहायचं ते."

मी काही सांगण्याआधी तिनेच दप्तरातून एक शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली.

त्या वहीत कुठेही घड्याळाची वेळ नव्हती. तीन याद्या होत्या. पहिलीचं नाव 'पप्पा बाहेर'. तिच्यात दिवा लागणारं आणि आवाज होणारं सगळं होतं: गणितं, आकृत्या, मोठ्याने वाचायचं इंग्रजी. दुसरी 'पप्पा झोपलेत'. अंधारात जमेल तेवढंच तिच्यात: सूत्रं, रासायनिक अभिक्रिया, सिद्धतांच्या पायऱ्या मनात एकापुढे एक मांडणं. हे ती बोटाने तळहातावर लिहून पाठ करायची. तिसरी 'पप्पा जागे'. तिच्यात मध्येच सोडून उठता येईल असं पाच-दहा मिनिटांचं काम होतं; व्याख्या, एका वाक्यातली उत्तरं. ते भाकरी करता करता. सगळ्या विषयांचा पोर्शन धडा न् धडा या याद्यांत वाटून दिला होता आणि झालेल्यावर बरोबरच्या खुणा होत्या. कॉल कधी येणार हे तिला माहीत नसे. आला तर कुठली यादी उघडायची, हे माहीत असे.

नियोजन मी मुलांना शिकवत होतो. इतकं चांगलं नियोजन मी तोवर पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही.

ते दोघं गेल्यावर मी बाकीच्या डायऱ्या काढल्या. सगळ्यांत चांगली म्हणून जी मी वर्गात फिरवली होती, ती आमच्या एका संचालकांच्या मुलाची होती. चार रंगांची पेनं वापरलेली. एकही दिवस चुकलेला नाही. मग एका तारखेवर माझी नजर थांबली. त्या पहाटे आम्ही सगळे सहलीच्या गाडीत होतो. हा मुलगा माझ्या मागच्याच सीटवर घोरत होता. डायरीत लिहिलं होतं, पाच ते सात, फिजिक्स.

मी त्याला बोलावलं. तो घाबरला वगैरे नाही.

"रविवारी बसून आठवड्याची भरतो सर. सगळेच भरतात. पप्पांनी महिन्याच्या सह्या आधीच करून दिल्यात." आणि मग विचारलं, "चांगली दिसतीय ना पण?"

मी प्राचार्यांकडे गेलो. यादी दुसऱ्या दिवशी शिरूरला जायची होती.

"आता काय अडलंय?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तुम्ही मला आत्ता सांगताय? मागच्या मीटिंगला चेअरमनसाहेबांपुढे डायरीच्या मार्कांचे तक्ते कोणी दाखवले? मी?"

"मीच दाखवले. म्हणून म्हणतो, डायरीचे मार्क काढून टाकू. नुसत्या टेस्टवर यादी करू."

"आणि संचालकांना काय सांगू? तुमचं पोरगं खोटं लिहितं?"

"मग निदान भालेरावचा शेरा तरी बदलतो."

"बदला की. पण उद्या बाकीचे पालक दारात आले, की त्यांना तुम्ही तोंड द्यायचं. मी नाही. नियम तुमचा आहे." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "आणि एवढं काय मनाला लावून घेता? त्यांना प्रवेशात सवलती आहेतच की. त्यांचं कुठं अडतंय?"

या वाक्यावर मी उठायला हवं होतं. शेरा माझा होता. तो खोडायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. पण त्या मीटिंगमध्ये चेअरमननी माझं नाव घेऊन कौतुक केलं होतं. दोन्ही कॉलेजांच्या स्टाफसमोर. ते मला फार आवडलं होतं. मला कुणी अडवलं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. ते खरं नाही. मी यादीवर सही केली, तारीख घातली आणि चहा घेऊन घरी गेलो.

यादी बोर्डावर लागली, त्या दिवशी मधल्या सुट्टीत सुजाता आली. यादीत तिचं नाव नव्हतं.

"सर, डायरी आता भरायची का बंद करू?"

"भर," मी म्हणालो. "रोज भरावी."

तिने परीक्षेपर्यंत भरली. तशीच, जशी झाली तशी. दर सोमवारी आणून टेबलावर ठेवायची. मी सही करायचो.

गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी भालेराव दुपारी लाइनवरून आले आणि रात्रभर झोपले. तिने दुसरी यादी उघडली. त्या यादीत सोडवायची गणितं नव्हती.

फिजिक्स-केमिस्ट्रीत तिचे मार्क शिरूरला गेलेल्या बहुतेकांपेक्षा जास्त होते. गणितात ती घसरली. सरकारी इंजिनिअरिंगची राखीव जागांची यादीसुद्धा तिच्या थोडी वर बंद झाली. तिने आमच्याच संस्थेच्या दौंडमधल्या सीनिअर कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. ज्यांचं कुठं अडत नाही असं प्राचार्य म्हणाले होते, त्यांचं असं अडलं. चार रंगांची डायरी लिहिणारा मुलगा इंजिनिअर झाला. बरा मुलगा होता. मला अजून दिवाळीला फोन करतो.

ती दुसऱ्या वर्षाला असताना भालेराव गेले. ड्युटीवरून येऊन झोपले होते. कॉलमन आला, तिने दार उघडलं, आत जाऊन हाक मारली. ते उठले नाहीत. हृदय बंद पडलं होतं.

मी क्वार्टरवर गेलो. तेव्हा प्रथमच ती खोली पाहिली. भिंतीला टेकून तिची आई बसली होती. पडदा एका बाजूला सारला होता आणि भर दुपारी घरातले सगळे दिवे चालू होते. माणसं मोठ्याने बोलत होती. मी कोपऱ्यात उभा राहिलो. या माणसाशी मी आयुष्यात एकदाच बोललो होतो, आणि तेव्हाही उभ्यानेच. घरचं माणूस गेल्यासारखं मला का वाटत होतं, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सुजाताने मला पाणी आणून दिलं. तिने तेव्हा काही बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

पुढे वडिलांच्या जागी तिला रेल्वेत घेतलं. बी.एस्सी. अर्धवट राहिली. कॉल जिथून निघतात त्या ऑफिसात ती क्लार्क झाली. कोण कधी आला, कुणाची विश्रांती पुरी झाली, पुढची गाडी कुणाला द्यायची, हे बघायचं काम. त्या ऑफिसातले एकजण मला एकदा बाजारात भेटले. म्हणाले, "लई कडक हाय बाई. मानसाची झोप पुरी झाल्याबिगर कॉल काढत न्हाई. साहेब वरडू दे न्हाई तर काय करू दे."

टाइमटेबल करणाऱ्यांचा एक साधा नियम आहे. ज्याच्याकडे मोकळे तास सगळ्यांत कमी, त्याला आधी बसवायचं. इलेक्ट्रॉनिक्सचे एक सर शिरूरहून एसटीने आठवड्यातून दोनच दिवस यायचे. कोऱ्या तक्त्यावर मी पहिल्यांदा त्यांचे तास टाकायचो. लॅब एकच, म्हणून त्यानंतर प्रॅक्टिकल. माझ्यासारखे दिवसभर कॉलेजातच असणारे सगळ्यांत शेवटी, कारण आम्ही कुठेही बसतो. उलट्या क्रमाने केलं, तर त्या बाहेरच्या सरांना जागाच उरत नाही, आणि मग चूक त्यांची आहे असं दिसतं. हे मला तेव्हाही पाठ होतं. दर जूनमध्ये मी तसंच करत होतो. त्या वर्षी मुलांची यादी करताना मात्र मी मोकळ्यांना आधी बसवलं, आणि उरलेल्या चौकटीत जी बसली नाही तिला अनियमित म्हटलं.