नानांचं आवतान

खानावळीची जाहिरात लिहिताना मी ताटाचा दर लिहिला नाही. मूर्खपणा तेवढाच, पण तो नानांच्या हाती पडला.

विंझरचे नाना म्हणजे मोबाईलवरच्या ‘इंद्रायणीवाले’ या ग्रुपचे ॲडमिन. इंद्रायणी भात लावणाऱ्यांनाच तिथं प्रवेश. दुसरं बियाणं टाकलेला माणूस नाना बांधावरून ओळखत आणि बांधावर उभं राहूनच त्याला ग्रुपातून काढत. मी भोरचा, माझी शेती म्हणजे गॅलरीतली तुळस. तरी मला घेतलं, कारण मी ब्लॉग लिहायचो. “लिवनारं एक असावं,” नाना म्हणाले, “म्हंजी बाकीच्यास्नी रानात जाता येतं.”

ग्रुपात काहीही टाकलं की नाना गाडीला किक मारून सभासदांच्या घरोघर जात. “लिंक टाकलीया. बघून घ्या. मंडळींनाबी दाखवा.” लग्नाचं आवतान द्यावं तसं; चहा घेऊन, म्हाताऱ्यांच्या पाया पडून.

“नाना, त्यासाठीच तर शेअरचं बटण असतं,” मी एकदा म्हणालो.

“बटनानं पोचतंय वो. बोलावलं असं होत न्हाई.”

त्यांची पुतणी सुनीता. वरव्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिनं वेल्ह्याच्या रस्त्याला खानावळ काढली. ही बुडाली तर कारखानेवाले तिला परत घेणार नव्हते. “तुमच्या बलागात लिवा की,” नाना म्हणाले. जाहिरात जाहिरातीसारखी दिसता कामा नये, असं मी नुकतंच कुठंतरी वाचलं होतं. म्हणून चुलीचा धूर, मायेची आमटी असं बरंच काही घालून शेवटी लिहिलं, ‘रविवारी सहकुटुंब जेवायला या. सुनीताताई वाट बघतायत.’ लेख ग्रुपात टाकला आणि नाना गाडीवर बसले.

रविवारी टेम्पो भरभरून माणसं आली. डोक्याला फेटे, अंगावर ठेवणीतली लुगडी. पंगती बसल्या. सुनीता हरखून वाढत सुटली. जेवून उठलेला प्रत्येक जण मात्र पैसे न देता तिच्या हातावर टॉवेल, टोपी नाहीतर ब्लाउजपीस ठेवायचा. एका आजोबांनी हात धुता धुता विचारलं, “नवरदेव दिसंना कुठं?”

दुसऱ्या पंगतीला भात संपला. सुनीता चुलीमागं आहेराच्या ढिगावर बसून रडायला लागली. “आता कारखान्यात कुठल्या तोंडानं जाऊ?”

नाना बाकावर चढले. “मंडळी, ह्ये आवतान न्हवतं! जायरात व्हती!”

“मग आदी सांगायचं न्हाई व्हय, नाना?” पंगतीतून कुणीतरी ओरडलं. “म्या तीनदा भात घेतला!”

लाजलेले इंद्रायणीवाले मग आठवडाभर पाट्या भरभरून तांदूळ आणून टाकत होते. खानावळ तगली. नाना मात्र ग्रुपातून बाहेर पडले. “जेवाय बोलावून मान्सं लाजवली. आता ह्या जिभंनं कुनाला बोलवू?”

“नाना, चूक माझी होती.”

“व्हय, तुमचीच,” ते म्हणाले आणि मला चहा पाजला.

पुढं ते मुलाकडं राहायला गेले. ग्रुपात आता ट्रॅक्टरच्या जाहिराती आणि सुप्रभात येतं. दारात कुणी येत नाही. परवा सुनीताकडं जेवताना मला भरून आलं. म्हणालो, “नानांवर ब्लॉगात काहीतरी लिहावं म्हणतो.”

ती ताटात भात वाढत म्हणाली, “दादा, कुनी वाचत न्हवतं तवाच तुमी लई झ्याक लिवत व्हता.”