निंजा आणि आजीचा आकडा

सून म्हणाली, "बाबा, हा खेळ पोरीला बरा आहे का, बघा जरा." म्हणून नातीशेजारी बसलो. काळ्या कपड्यातला निंजा नुसता पळतो. तलवार आहे, रक्त नाही. एवढा पळून पोचतो कुठे, ते काही कळलं नाही. खड्ड्यात पडला की संपलं.

फोन माझ्या बायकोचा. दुपारी आजी-नात दोघी आळीपाळीनं खेळायच्या. ती गेली, पण सगळ्यात लांब पळाल्याचा आकडा अजून तिचाच आहे. कुणी पुढं गेलं की तो पुसला जाणार. पोरगी आकड्याजवळ आली तसा मी पुढं वाकलो.

"आजोबा, चष्मा लागतोय फोनला!" असं म्हणत तिनं निंजाला मुद्दाम खड्ड्यात घातलं. "आजीच पहिली."

सुनेला सांगितलं, खेळू दे.