वेंगुर्ल्याचे खडक, होडीतूनच

१० मे. संध्याकाळी लालबागहून वेंगुर्ल्याची बस पकडली. सोबत एक पिशवी, सुनंदाची दुर्बीण आणि उलटीच्या गोळ्या. माणगावला दीड तास अडकलो.

सुनंदा, माझी बायको, जाऊन अडीच महिने झाले. दहाव्याला दादर चौपाटीवर पिंडाला कावळा शिवेना. मुलीचं लग्न नीट करीन, तुझ्या आईला बघीन, सुचेल ते सगळं कबूल केलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तिची कोणती इच्छा राहिली, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

दर मे महिन्यात ती वेंगुर्ल्याला माहेरी जायची, ती समुद्रातल्या खडकांवरचे सुरय पक्षी मोजायला. विणीच्या दिवसांत तिथे आणि आसपासच्या पाण्यात कोणी जाऊ नये, म्हणून अर्ज करत राहायची. मला बोट लागते. मी कधीच गेलो नाही.

सकाळी सासूबाईंनी घावणे खायला घातले आणि डब्यात दहीभात दिला. तो तिच्या पाखरांपुढे ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. होडी तिच्या मावसभावाची, भास्करची. बंदरातून तास-सव्वा तास लागतो. वारा असेल तर हट्ट करू नका. टोपी हवीच.

खडक नीट दिसू लागले तशी भास्करने मशीन बंद केली. "हयसून फुडे नाय, भावोजी."

"पाच मिनिटं. पान ठेवतो आणि येतो."

"तुमी उतरल्यात काय पाखरां उडतली. उघड्यार अंडी भाजतली. आणि शितांवर कावळे इले तर उरलेली ते खातले."

"सुनंदा उतरायची ना?"

तो हसला. "आक्का? सात वर्सां हयसरच बसली, तुमी बसल्यात थंय. माजो काको उतराक गेलो, तेवा वल्ह्यान मारूची तेवडी बाकी ठेवल्यान. तुमकाय सोडूची नाय."

मी डबा पुन्हा पिशवीत ठेवला. दुर्बिणीतून पाहिलं. काळा खडक आणि त्यावर पांढरे ठिपके, सगळे वाऱ्याकडे तोंड करून बसलेले. मोजायला लागलो, पण साठाच्या पुढे चुकलो. उलटी मात्र झाली नाही. तासाभराने भास्करने होडी वळवली.

जाणार असाल तर लांबूनच बघा. होडीवाल्याला उतरवायला सांगू नका.

१२ तारखेला सकाळी डिलाईल रोडला घरी आलो. भात आंबला होता. गॅलरीच्या कठड्यावर पानात काढून ठेवला. कावळा येतो का, ते बघायला थांबलो नाही. आत येऊन डबा घासला आणि पालथा घातला.