शुअर की सर्टन?

राऊळसर गेल्याचं मला कळलं तेव्हा मी रेकॉर्डिंगच्या बूथमध्ये उभी राहून एका मगरीबद्दल बोलत होते. कानावर हेडफोन, समोर पडद्यावर पाण्यात दबा धरून बसलेली मगर, हातात सरांनीच लिहिलेली पानं. वाक्य अर्ध्यावर असताना नंदूने, म्हणजे आमच्या रेकॉर्डिस्टने, चित्र थांबवलं. काचेपलीकडून तो माईकवर काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत राहिले. त्याच्या माईकचा लाल दिवा लागला, विझला, परत लागला... "काय रे, आवाज फाटला का?" मी विचारलं. "नाही ताई. सर गेले. आत्ता हॉस्पिटलमधून फोन आला." एवढं बोलून तो खुर्चीत मागे वळून बसला. पडद्यावर मगर तशीच दबा धरून. मला त्या मगरीचा इतका राग आला म्हणून सांगू! पानं तिथेच टाकून मी घरी निघून गेले.

सदानंद राऊळ हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. कार्यक्रमाच्या शेवटी ते पडद्यावर यायचं खरं, पण आपण वाचेपर्यंत जाहिरात सुरू. परदेशी फिल्ममधले वाघ-सिंह, देवमासे आणि त्यांच्या मागे कॅमेरे घेऊन चिखल तुडवणारे गोरे शास्त्रज्ञ तुमच्या घरात कधी मराठी बोलले असतील, तर ते मराठी बहुधा सरांचं होतं. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, राहायला नाहूरला. सरकारी कचेरीत परिपत्रकांची भाषांतरं करून करून वैतागले आणि एक दिवस अंधेरीतल्या आमच्या स्टुडिओत येऊन बसले ते बसलेच. डबिंगसाठी लिहायचं म्हणजे नुसतं भाषांतर नाही. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटतील तिथे आपलाही शब्द संपला पाहिजे, आणि तरी तो माणूस आपल्या शेजारी राहणारा वाटला पाहिजे. हे सरांसारखं करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आहे कोणी, तर दाखवा.

मी पहिल्यांदा स्टुडिओत गेले तेव्हा बोरिवलीतल्या एकांकिकांमध्ये दोन-चार बक्षिसं मिळवून हवेत होते. सर काचेपलीकडे खुर्चीत, मांडीवर पानं, चष्मा कपाळावर. एकदा वाचून झाल्यावर त्यांनी माईकवर विचारलं, "टेक घेऊया? शुअर की सर्टन?" मला वाटलं, म्हातारा इंग्रजी झाडतोय. मी म्हटलं, "शुअर, सर." "मग बाहेर ये. चहा पी. परत वाच." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. "सर, दोन्हीचा अर्थ एकच ना?" सर हसले नाहीत की चिडले नाहीत. म्हणाले, "शुअर म्हणजे तुला वाटतंय. सर्टन म्हणजे तू बघून आलीयस. वाटतंय तोवर टेक नाही." डिक्शनरीत काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही आणि इंग्रजी शिकवणारे हे मानतील की नाही तेही ठाऊक नाही. आमच्या स्टुडिओत मात्र हाच अर्थ चालायचा.

सर्टन या एका शब्दावर ते तासभर बोलू शकत, आणि बोलतही. अंधेरीत हा शब्द कोणी वापरत नाही, ही त्यांची तक्रार. "इथे सगळे शुअर यार, डेफिनेटली यार. पेमेंट कधी? शुअर, सोमवारी! कुठला सोमवार ते विचारू नकोस." मग मी म्हणायची, सर, आपला 'नक्की' आहे की. झालं! "नक्की? अगो, आपल्यात 'नक्की येतो हं' म्हणणारा कधी जेवायला आलाय? जो 'बघतो, जमलं तर' म्हणतो, तो आईस्क्रीमचा डबा घेऊन दारात उभा असतो." आम्ही हसून हसून वाकायचो, पण त्यांच्या डोक्यात तेव्हा कामच चाललेलं असायचं. एका फिल्ममध्ये जंगलातला पहारेकरी जमिनीवर बोट टेकवून इंग्रजीत सांगतो, की वाघीण इथून गेली याबद्दल तो सर्टन आहे. आधीच्या लेखकाने लिहिलं होतं, 'वाघीण इथून गेली असल्याची मला खात्री वाटते.' सरांनी पान टेबलावर आपटलं. "वाटते? त्या माणसाचं बोट ठशात आहे!" आणि लिहिलं, 'वाघीण इथून गेलीय. ठसा ओला आहे.' खात्री हा शब्दच काढून टाकला. "ज्याला खरंच ठाऊक असतं ना, तो खात्रीच्या गप्पा मारत नाही. सांगून मोकळा होतो," असं त्यांचं म्हणणं होतं.

मग काही वर्षांपूर्वी माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि माझी वाट लागली. आवाजाच्या नसेला धक्का बसला होता. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी, ते सांगेनात. बोलायला तोंड उघडलं की फाटक्या पिपाणीसारखं काहीतरी बाहेर यायचं आणि चार शब्दांत दम संपायचा. सराव करायचा होता, पण स्वतःचा तो आवाज ऐकून मला रडू यायचं, म्हणून मी करतच नव्हते. आवाज हीच माझी कमाई, आणि खरं सांगायचं तर आवाज हीच मी. त्यातच देवमाशांची मोठी मालिका मराठीत येणार होती आणि तिचं निवेदन मला द्यायचं ऑपरेशनच्या आधीच ठरलं होतं. ते जाणार हे मला दिसत होतं. मी फोन घेणं बंद केलं. घेत होते तो एकट्या सरांचा, कारण तो घेतला नाही तर ते नाहूरहून उठून बोरिवलीला आले असते.

रोज चारच्या चहाला तो फोन. तब्येतीची चौकशी नाही, धीर देणं नाही. "एक ओळ म्हणून बघ गो, कानाला बरी लागते का. हत्तीची फिल्म आलीय." आणि ओळ काय, तर 'पाणी आलं.' मी खरखरत म्हणायची, पाणी आलं. "बरं," म्हणून फोन बंद. पुढे कधीतरी, 'पाणी आलं, पिल्लू उठलं.' मला चीड यायची. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि या माणसाला हत्ती सुचतायत! एकदा म्हटलंसुद्धा, "सर, स्टुडिओत दुसरं कोणी नाही का फुकट वाचायला?" "आहेत गो. पण हत्तिणीला तुझाच आवाज शोभतो," म्हणाले. मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी परत फोन, आणि हत्तीण आणखी दोन शब्द पुढे गेलेली. असे महिने गेले. शेवटची ओळ तर मला अजून पाठ आहे, 'पाणी आलं, पिल्लू उठलं, आईनं सोंड पुढे केली, आणि कोरड्या पडलेल्या त्या वाटेवरून सगळा कळप एकामागून एक नदीकडे निघाला.' ती फिल्म पुढे रेकॉर्डिंगला आलीच नाही. आमच्याकडे असं होतं, लिहून होतं आणि बारगळतं. मीही विसरून गेले.

त्याच सुमाराला देवमाशांच्या मालिकेचं काम बघणाऱ्या मॅडमचा मला फोन आला. त्या दुसऱ्या मुलीला घ्यायच्या बेतात होत्या, हे त्यांनी सरळ सांगितलं. "पण राऊळसरांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, आर यू शुअर ती करू शकेल? तर म्हणाले, शुअर नाही, सर्टन. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून माणसाबद्दल हा शब्द मी ऐकला नव्हता. या तुम्ही पुढच्या आठवड्यापासून." फोन ठेवल्यावर मी आधी आनंदाने स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या आणि मग घाबरले. मी बूथमध्ये पाऊल ठेवून कितीतरी महिने झाले होते. शब्दाला इतका जपणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला? लगेच सरांना फोन लावून विचारलं, "तुम्ही काय बघून आलात, म्हणून सर्टन म्हणालात?" "तू कामाला लाग. घाई माका नाय, त्या देवमाशांक आसा," एवढंच उत्तर. मी कामाला लागले. आणि मालिका केली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही ओळ दुसऱ्या कोणाला न देता. ते कसं जमलं याचं मला स्वतःलाच नवल वाटत होतं.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटले तेव्हा सर बरेच उतरले होते. मी मगरीच्या फिल्मबद्दल बडबडत राहिले. उठताना राहवलं नाही. म्हटलं, "सर, बरे होऊन येणार ना स्टुडिओत?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "शुअर." मी मान डोलावली. लिफ्टपर्यंत नीट चालत गेले आणि तिथे भिंतीला टेकून रडले. या माणसाने मरतानाही मला खोटा शब्द दिला नाही.

शोकसभा आम्ही स्टुडिओतच घेतली. मनोरीहून नंदूची आईसुद्धा आली होती, सरांना दर महिन्याला सुकट पाठवणारी. भाषणं संपल्यावर मी आणि नंदू चहा घेत उभे होतो. मी सहज म्हटलं, "नंदू, सरांची ती हत्तीची फिल्म शोधून रेकॉर्ड करूया का रे? फार सुंदर लिहिली होती." नंदूने कप खाली ठेवला. "कुठली हत्तीची फिल्म, ताई? आपल्याकडे हत्ती कधी आलेच नाहीत." मी म्हटलं, असं कसं, रोज फोनवर... "ते तुमच्यासाठी लिहायचे. जेवढा तुमचा दम आदल्या दिवशी टिकला, त्याच्यापेक्षा थोडंसं जास्त. फोन स्पीकरवर ठेवून मला मागे उभं करायचे. म्हणायचे, श्वास कुठे तुटतो ते ऐक. शेवटची ओळ तुम्ही एका दमात म्हटलीत ना, त्याच दिवशी त्यांनी मॅडमना फोन लावला." "आणि तू मला हे आज सांगतोयस?" "सरांनी दम दिला होता. तिला कळलं तर ती हत्तीण सोडून स्वतःचा आवाज ऐकत बसेल, म्हणाले. बोललास तर तुमच्या घरची सुकट बंद."

म्हणजे ते बघून आले होते. मी रडत होते, चिडत होते, फोन आपटत होते, आणि हा माणूस रोज माझ्या आवाजाच्या ठशात बोट घालून बघत होता. मला फार अभिमान वाटतो हो. त्यांच्याबद्दल तर वाटतोच, आणि लाज न बाळगता सांगते, स्वतःबद्दलही वाटतो. तो शब्द त्यांनी आयुष्यभर जपून ठेवला आणि तपासून, पारखून माझ्यासाठी खर्च केला.

मागच्या आठवड्यात अर्धवट राहिलेली मगर पुरी करायला स्टुडिओत गेले. सरांची खुर्ची काचेपलीकडे होती तिथेच आहे, तिच्यावर कोणी बसत नाही. पानांच्या थप्प्याही कोणी ठेवत नाही. मी नंदूला म्हटलं, "मगरीच्या आधी एक ओळ घे. चित्र लावू नकोस." पडदा काळा. मी हेडफोन चढवला आणि म्हटलं, 'पाणी आलं, पिल्लू उठलं, आईनं सोंड पुढे केली, आणि कोरड्या पडलेल्या त्या वाटेवरून सगळा कळप एकामागून एक नदीकडे निघाला.' एका दमात. मग लाल दिवा लागला. "ताई," नंदू म्हणाला, "ठेवू का टेक? शुअर की..."

मी दोन्हीतला एकही शब्द वापरला नाही.

"ठेव," मी म्हटलं. "आता मगर लाव."