छावणीतली गिटार

"शेकून आणली का बे गिटार?"

सोसायटीच्या चेअरमनच्या पोरानं माईकवर विचारलं. छावणीचा मांडव हसला. मी गिटार छातीशी धरून उभा. त्या मांडवात वाजवू द्या म्हणून विचारायला गेलो होतो.

शेकली होती, हे खरं. दादांची, म्हणजे माझ्या वडलांची, हलगी थंड पडली की ते चिपाडाचा जाळ करून तिला शेकतात. कातडं ताणतं, आवाज चढतो. माझ्या गिटारचा आवाज बसलेला. मी टँकरवर पाण्याला गेलो आणि दादांनी मायेनं तीही जाळावर धरली. लाकूड चिकटवलेला सरस सुटला, तारा अडकवायची पट्टी निम्मी उचकटली. मीही हसलो होतो तेव्हा. पण घरात हसणं वेगळं, माईकवरनं हसणं वेगळं.

दुष्काळात सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती. वैरण सरकारी पैशाची, वाटणारा हात चेअरमनचा. आमची म्हैस तिथं, म्हणून आम्हीही तिथं. दुपारी ती रवंथ करायची आणि मी मोबाइलवरची एक ब्लूजची चाल शिकायचो. तिला शब्द नाहीत. मोजके सूर, फिरून फिरून तेच. तार दाबायची, दाबूनच बोटानं वर लोटायची, मग सूर कण्हत चढतो. घाई केली की मेला. उचकटलेल्या पट्टीमुळं तारा उंचावलेल्या, बोटं फाटायची. तरी जमत आलं. अमेरिकेत कापूस वेचणाऱ्या काळ्या माणसांकडून ही चाल आली असं वाचलं, आणि ती मला परकी वाटेना. आमच्या आयांनीही कापूस दुसऱ्याच्याच रानात वेचला.

छावणी बघायला पुढारी येणार होते. त्यांच्यापुढं ही चाल वाजवायची होती. चेअरमन हसला नाही. शांतपणे म्हणाला, "गिटार आमचा बाळ वाजवील. पुण्यात क्लास लावलाय त्याला. तू अन् तुजा बाप हलगी घिऊन फाटकापाशी थांबा. गाडी दिसली की वाजवा." मग माझ्यासोबत आलेल्या दादांकडं वळून, "म्हशीला वैरण मिळतीय न्हवं येळेवर?"

एवढंच. दादांनी मान खाली घातली.

आता हे नीट समजून घ्या. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला त्या दिवशी गावकीची हलगी बंद केली. पाटलाच्या दारात बंद. वरातीपुढं बंद. आमच्या घरची हलगी वाजते ती जयंतीच्या मिरवणुकीत, आमच्या खुशीनं. आजोबांनी जे मोडलं, ते वैरणीच्या पेंढीवर पुन्हा उभं करायचा हा डाव होता. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त म्हशीची चौकशी केली.

पुढारी यायच्या दिवशी दादा हलगी घेऊन निघाले. म्हणाले, "म्हस मरंल रं."

मी वाटेत आडवा आलो. "आज वाजवली तर उद्या मढ्यापुढं बोलावतेल, दादा."

 दादांनी हलगी आईकडं दिली, घरी धाडली. आणि म्हशीचं दावं सोडायला बसले. मी कशापायी म्हणून विचारलं.

"ही हितं बांधलीय तवर आपुनबी बांधलेलेच."

गाडी आली तेव्हा फाटकाबाहेर दादा म्हैस धरून उभे होते आणि मी दगडावर बसून ती चाल वाजवत होतो. स्वागताची चालच नव्हे ती. मधेच एक तार तुटली. उरलेल्यांवर वाजवत राहिलो. पुढाऱ्यानं काच खाली केली, बघितलं, वर केली. चेअरमन पळत आला. हलगी कुठाय म्हणाला.

दादा म्हणाले, "घरी हाय. जयंतीला या ऐकायला."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला मालक म्हटलं नाही.

छावणीच्या यादीतनं नाव गेलं, आमची वैरण बंद झाली. कारण कुणी सांगत नाही. आम्ही मागायला जाणार, पण चेअरमनकडं नाही. उद्या म्हैस तहसीलच्या दारात बांधणार. सरकारची वैरण सरकारच्या हातून घेणार. म्हैस जगली तरी, मेली तरी, गावकीची हलगी आमच्या घरातलं कुणीही पुन्हा वाजवणार नाही.