डोळे आले

पत्नी गेली, तो मंगळवार होता.

मेहरूणमधल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत तेव्हा इथिओपियाची एक विद्यार्थिनी राहत होती. पत्नीनं तिला शब्द दिला होता, तुमच्या नववर्षाला तुला इंजेरा खाऊ घालीन, अगदी तुझ्या घरच्यासारखा. इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाची मोठी, मऊ पोळी. नववर्ष सप्टेंबरात होतं, पत्नी जूनमध्ये गेली. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलेला माणूस, पण तो शब्द आता माझ्याकडे आला होता.

मुलीच्या गावाकडे इंजेरा ज्वारीचाच करतात, एवढं नशीब. आम्ही दोघांनी ज्वारीचं पीठ आंबवून पाहिलं, सोडा घालून पाहिला. तव्यावर धिरडीच व्हायची. ती बघायची आणि मान हलवायची. पाच दिवस उरले तेव्हा धुळ्याहून माझी मोठी बहीण आली.

"काय व्हयनं वं पोरी?" अक्कानं विचारलं.

"अक्का, डोळे येत नाही."

"येत नहीत? मंग बरं शे ना! आम्हनी गल्लीमा बठ्ठासना डोया उनात. टमाटासारखा लाल!"

मुलीनं गोंधळून धिरड्यावर बोट टेकवलं. "इथे. इथे डोळे पाहिजे. खूप."

अक्का वाकली. "अवं, मंग जाळी म्हन ना! भाऊ, इतला पुस्तकं वाचात तू, नि तुले जाळी पाडता येत नही?"

ती दर उन्हाळ्यात बिबडे करते. ज्वारी भिजवून, आंबवून, शिजवून थापलेले ते पापड. तिनं दादर ज्वारी तीन दिवस भिजवली, वाटली, पुन्हा आंबू दिली. पाचव्या दिवशी पहाटे वाटीभर पीठ पाण्यात शिजवून परत त्यातच मिसळलं. ते पाहताच मुलगी ओरडली, "माझी आई! माझी आई असंच करते!" लहानपणी पाहिलेलं तिला आत्ता आठवलं होतं.

दोन तासांनी मी पळीभर पीठ तव्यावर गोल फिरवलं. झाकण ठेवायच्या आधीच एक छिद्र उघडलं, मग दहा, मग सगळीकडे.

"आले! काका, डोळे आले!" ती टाळ्या वाजवत अंगणात धावली. शेजारीण काळजीनं कुंपणापर्यंत आली. "औषध घातलं का गं?"

तुरीच्या डाळीत मुलीनं घरून आणलेला तिखट मसाला घातला होता. त्यांच्याकडे पहिला घास दुसऱ्याला भरवतात. तिनं अक्काला भरवला, मग मला. मग स्वतः खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिली.

"हा खरा आहे," ती म्हणाली.

शब्द पाळला गेला होता. मी चौथा इंजेरा वाढून घेतला.

"भाऊ, पोरगीले ठेव ना काही!" अक्का म्हणाली.

शिक्षण संपवून मुलगी आपल्या देशी गेली. अक्का धुळ्याला असते. घरात मी एकटा आहे, आणि मला इंजेरा करता येतो.